माणूस बघायला शिकताना

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, मला दोनच विषय येतात. एक बँकेतली कर्जवसुली आणि दुसरा समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढणं. पहिला घेतला तर निम्मा वर्ग चहाला उठून जाईल. म्हणून दुसरा घेते.

निवृत्त झाल्यावर मी लाइफ ड्रॉइंग शिकायला लागले. म्हणजे जिवंत माणूस समोर बसवून, त्याच्याकडे बघून चित्र काढायचं. फोटोवरून नाही, मनानंही नाही. इथे सावेडीतच, गुलमोहर रोडच्या बाजूला एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमतो. दोन निवृत्त शिक्षक, एक औषध दुकानदार, कॉलेजची दोन मुलं, मी, आणि आम्हाला शिकवणारा, कलाशिक्षक पदविका घेतलेला तरुण. तो वयानं माझ्या मुलाएवढा आहे, पण खोलीत शिरलं की आम्ही सगळे त्याला सर म्हणतो.

आपल्या शाळेतली चित्रकला आठवते का? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, या शासकीय रेखाकला परीक्षा म्हणजे केवढं प्रकरण होतं! वस्तुचित्राला कळशी, विटा, कांदे, वांगी. ते सगळ्यांना जमायचं, कारण कळशी हलत नाही आणि तिची पाठही दुखत नाही. पंचाईत व्हायची स्मरणचित्राला. आठवडे बाजार, पाणवठा, एसटी स्टँड असले विषय, म्हणजे माणसं काढणं आलंच. मग आपण युक्त्या काढल्या. हात येत नाहीत, म्हणून प्रत्येकाचे हात मागे बांधलेले. पाय येत नाहीत, म्हणून पायाशी गवत. चेहरा येत नाही, म्हणून अख्खा बाजार पाठमोरा! आपले चित्रकलेचे सर कागद हातात घेऊन म्हणायचे, "अरे, नगरच्या बाजारात एवढं गवत कुठून उगवलं?"

सर हसण्यावारी न्यायचे, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. आपण माणूस बघतच नव्हतो. डोक्यात माणसाची एक ठरलेली खूण होती, ती कागदावर उतरवत होतो. लाइफ ड्रॉइंग म्हणजे ती खूण पुसायचं शिक्षण. आणि गंमत अशी, की ती एकाच साधनानं पुसली जात नाही. पेन्सिल एक सवय मोडते, कोळसा दुसरी, शाई तिसरी. म्हणून आमच्या सरांनी नियम केला, दर दोन महिन्यांनी साधन बदलायचं. त्याच क्रमानं मी सांगते.

पहिली पेन्सिल. आपल्याला वाटतं, पेन्सिल आपल्याला येते. तिची गोष्ट मोठी आहे बरं का. फ्रान्समध्ये युद्धामुळे चांगलं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा 1795 मध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून, भट्टीत भाजून शिसं तयार केलं. माती जास्त तर शिसं कडक, माती कमी तर मऊ आणि काळं. आपली एचबी, 2बी, 6बी ही सगळी त्या मातीची करामत.

आम्हाला पेन्सिल मिळाली ती आधी चित्र काढायला नाही, मोजायला. हात ताठ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून समोरच्या माणसाचं डोकं मोजायचं. उभा मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो. वर्षाचं मूल चारच डोकी. आणि डोळे कुठे असतात? आपण सगळे ते कपाळाच्या जवळ काढायचो. ते डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. आत्ताच एक करून बघा. तळहाताची मनगटाकडची कड हनुवटीवर ठेवा. मधलं बोट कुठे पोहोचतं? केस जिथे सुरू होतात, तिथे. ज्यांचे केस मागे सरकलेत त्यांनी दहावीच्या फोटोवरून अंदाज घ्यावा!

पेन्सिलीच्या जोडीला ओळंबा. गवंड्याचा असतो तोच. माणसासमोर दोरी सोडून बघायचं, मानेच्या खड्ड्याखाली सरळ रेषेत काय येतं? उभा माणूस एका पायावर भार देतो, तेव्हा भार असलेल्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा बहुधा त्याच बाजूला खाली येतो. हे आपण रोज बघतो आणि कधीच बघत नाही.

एक दिवस भाजी विकणाऱ्या एक मावशी आमच्यासाठी बसल्या होत्या. ओळंबा धरला तर त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. मी आधी काढला होता सरळ, कारण माझ्या डोक्यात खांदे सरळ असतात. सुटीत त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "एवढा वाकडाय व्हय माझा खांदा?" मग स्वतःच म्हणाल्या, "असंल की. तीस वरीस पाटी ह्याच अंगाला." पेन्सिलीनं मला शिकवलं ते हे. माणसाचं काम त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते वाचायचं असेल तर आधी नीट मोजावं लागतं.

दोन महिन्यांनी पेन्सिली काढून घेतल्या आणि हातात आला कोळसा. बाजारात विलोच्या काड्यांचा कोळसा मिळतो, पण तो आम्ही घरीही केला. द्राक्षबागेत छाटणी झाली की काड्यांचे ढीग पडतात. त्या वाळवायच्या, सोलायच्या, पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला बारीक भोक पाडायचं आणि डबा जाळात ठेवायचा. भोकातून धूर येतो. धूर थांबला की कोळसा तयार. डबा पूर्ण थंड होईपर्यंत मात्र उघडायचा नाही. गरम असताना हवा लागली की हाती राख येते. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं द्राक्षवेलीचा कोळसा वापरला आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्या काड्या बांधावर जाळून टाकतात.

कोळशानं बारीक काम होत नाही. काडी आडवी धरायची, उभं राहायचं आणि खांद्यापासून हात फिरवायचा. डोळे किलकिले करून फक्त दोन गोष्टी शोधायच्या, उजेड कुठे आहे आणि सावली कुठे. नाक नाही, डोळे नाहीत, पापण्या तर नाहीतच. चुकलं तर फडक्यानं झटकायचं. खोडायला पूर्वी पावाचा गाभा वापरत, तोही आम्ही वापरून बघितला. पहिल्या आठवड्यात मला अगदी हात बांधल्यासारखं वाटलं. मग एका रविवारी सर म्हणाले, "काकू, चेहरा काढू नका, नुसती सावली भरा." मी भरली, आणि मागे जाऊन बघते तर समोर बसलेले गृहस्थ ओळखू येत होते! डोळे-नाक न काढता. आपण एखाद्याला लांबून, पाठीवरून, चालण्यावरून ओळखतो ना, तसं. ओळख तपशिलात असते असं मला तोवर वाटायचं. ती बसण्याच्या ढबीत जास्त असते.

मग काँते. पेन्सिलीवाल्या त्याच माणसाचं नाव या खडूच्या कांड्यांना आहे. तांबूस, काळी, पांढरी अशा त्या मिळतात. त्यासाठी कागद लागतो मधल्या रंगाचा. महागडा कागद आणायचं काही कारण नाही. जूनमध्ये आपण वह्यांना जे खाकी कव्हर घालायचो, तोच कागद! खाकी कागद म्हणजे अंगावरचा मधला उजेड आयता मिळालेला. सर्वांत गडद जागा काळ्या कांडीनं, सर्वांत उजळ जागा पांढऱ्यानं, बाकीचं कागदावर सोडून द्यायचं. किती काढायचं यापेक्षा किती सोडायचं, हे या साधनानं शिकवलं. बँकेत छत्तीस वर्षं एकही रकाना मोकळा न सोडलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल, विचार करा.

चौथी शाई. बांबूचा बोरू, तोच, ज्यानं आपण कित्ता गिरवायचो. शाईला खोडरबर नाही. रेघ ओढली की ओढली. इथे सरांनी एक व्यायाम दिला. कागदाकडे बघायचंच नाही. नजर माणसाच्या कडेवरून मुंगीसारखी हळू चालवायची आणि त्याच गतीनं बोरू चालवायचा. किमॉन निकोलाइड्स नावाच्या अमेरिकन शिक्षकाच्या 1941 साली निघालेल्या पुस्तकामुळे हा व्यायाम जगभर पोहोचला. पहिली चित्रं बघून आम्ही पोट धरून हसलो. कान खांद्यावर, बोटं सहा. पण त्या रेषेत जो जिवंतपणा होता, तो माझ्या मोजूनमापून काढलेल्या चित्रांत कधीच नव्हता.

रेषेचं मोठेपण बघायला आपल्याला लांब जायला नको. अजिंठा आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. गेरूच्या एका लवचीक रेषेत तिथल्या माणसांची बोटं, मान, झुकलेली कंबर आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थी घेऊन तिथे जात आणि त्या चित्रांच्या नकला करून घेत. कित्येक वर्षं हे काम चाललं. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या. पण ज्या विद्यार्थ्यांनी त्या रेषा स्वतःच्या हातानं ओढल्या, त्यांच्या हातात त्या राहिल्याच असतील, असं मला वाटतं.

पाचवे जलरंग. उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा, तो राखायचा. फिक्याकडून गडदाकडे जायचं. आणि आपल्या नगरच्या एप्रिलात रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून भराभर जायचं. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं आणि तैलरंगातलं वाटतं. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी गीता. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो लालसर उजेड जलरंगात राखणं म्हणजे काय, हे दोन महिने हात माखल्यावर थोडं कळलं.

जलरंगानं माझी आणखी एक सवय मोडली. लहानपणी रंगपेटीत एक गुलाबीसर कांडी असायची, तिला आपण 'अंगाचा रंग' म्हणायचो. आपल्या अख्ख्या वर्गात त्या रंगाचं एकही अंग नव्हतं! आता पिवळी माती, भाजलेली तांबडी माती आणि सावलीत थोडा निळा, असं मिसळून बघते, तेव्हा कळतं की एकाच माणसाचं कपाळ, गाल आणि मनगट तीन वेगळ्या रंगांचं असतं. उन्हातलं आणि कपड्याखालचं अंग तर दोन माणसांचं वाटावं.

आता काही जण मनात विचारत असतील, की लाइफ ड्रॉइंग म्हणजे ते कपड्यांशिवायचं ना? बरोबर आहे, कलामहाविद्यालयांत तसाही अभ्यास होतो आणि तो गंभीर अभ्यास आहे. जे. जे. सुरू झालं 1857 मध्ये. तिथे आधी प्लॅस्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून शरीर शिकवत. 1919 च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून नग्न शरीराचा अभ्यास सुरू झाला. त्यासाठी बसणाऱ्या बायांची बाजू रवी जाधव यांच्या 'न्यूड' या 2018 च्या मराठी चित्रपटानं दाखवली. तो बघितला नसेल तर जरूर बघा. आम्ही सावेडीत कपड्यांतलाच माणूस काढतो. नऊवारीची प्रत्येक घडी कुठल्या तरी हाडापासून सुरू होते, खांदा, कोपर, गुडघा. ती कुठून ताणली आहे ते कळलं की आतलं शरीर आपोआप कळतं. रावबहादूर धुरंधरांनी ओटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी देशातल्या स्त्रियांची चित्रं काढली. ती बघताना लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि चालण्याची तऱ्हा यांचं नातं ध्यानात येतं.

कपडे असोत नसोत, बसणाऱ्याचा मान राखणं हा या विद्येचा पहिला धडा आहे. आमचे नियम साधे आहेत. मजुरी बसण्याआधी द्यायची. वीस मिनिटं झाली की विश्रांती. पुन्हा त्याच जागी बसता यावं म्हणून पावलांभोवती खडूनं खूण करायची. विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि शेवटी चित्र त्यांना दाखवायचंच, कसंही आलेलं असो. वीस मिनिटं हलायचं नाही म्हणजे काय, हे कळावं म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाला आळीपाळीनं बसावं लागतं. मी बसले तेव्हा बाराव्या मिनिटाला माझ्या नाकाला जी खाज सुटली, ती मी जन्मात विसरणार नाही.

मॉडेल मिळाला नाही की आम्ही तारकपूरच्या बसस्थानकावर जातो. तिथे अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चित्रं. साधं बॉलपेन आणि पाठकोरे कागद. गाडी लागली की माणूस उठून जातो, चित्र अर्धं राहतं, पुढचं सुरू करायचं. पिशवी उचलताना पाठ कशी वाकते, लेकरू कडेवर घेतलं की कंबर कुठे जाते, ते अर्ध्या मिनिटातच पकडता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. आणि आपल्या गावात थोर उदाहरणही आहे. प्रमोद कांबळे यांचं नाव नगरमध्ये कुणाला सांगायला नको. महावीर कलादालनात त्यांनी पेन्सिलीनं काढलेलं भिंतभर चित्र एकदा मुलाबाळांना घेऊन बघून या. साधी पेन्सिल किती लांब जाते, ते तिथे दिसतं.

आता थोडं घरचं सांगते. गेली दोन वर्षं माझी आई माझ्याकडे होती, अंथरुणाला नव्हे पण खुर्चीला खिळलेली. रविवारचं शिकलेलं मी सोमवारी तिच्यावर गिरवायची. तिला मॉडेलचे सगळे नियम लागू होते, मजुरी म्हणून लेमनची गोळी. पेन्सिलीत ती आहे, कोळशात आहे, खाकी कागदावर आहे, शाईत आहे. जलरंगातलं एकच आहे, ते पूर्ण झालं नाही.

ती गेल्यावर आम्ही भावंडांनी तिचे फोटो काढून बसलो. चिक्कार फोटो. सगळे लग्नातले, मुंजीतले, वास्तुशांतीतले. प्रत्येक फोटोत आई सावध बसलेली, पदर सारखा केलेला, कॅमेऱ्याकडे बघणारी. ती घरात अशी कधीच बसली नाही. ती बसायची उजवा पाय दुमडून, डाव्या हाताच्या मुठीवर गाल टेकवून. ते कुठल्याच फोटोत नाही. चित्रांत आहे. धाकट्या भावानं कोळशाचं एक चित्र उचललं. त्यात चेहरा नाही, नुसती सावली आहे. म्हणाला, "ताई, हे मला दे. ही आई आहे." चित्रकार म्हणून मी काही मोठी नाही. ते चित्र प्रदर्शनात लागणार नाही. पण त्या चित्रानं जे राखलं, ते आमच्याकडे दुसरीकडे कुठेच राहिलेलं नाही.

आणि म्हणूनच आज इथे उभी आहे. सकाळी आपण दिवंगत मित्रमैत्रिणींना श्रद्धांजली वाहिली. पडद्यावर दहावीचा गटफोटो होता. सगळे ताठ, हाताची घडी, फोटोग्राफरनं सांगितलं तसे. शेवटच्या बाकावरचा आपला तो मित्र एक खांदा भिंतीला टेकवल्याशिवाय कधी बसला होता का? फोटोत तो सरळ आहे. खिडकीजवळची आपली मैत्रीण वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकायची. फोटोत तिचे हात घडीत आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाला हे आठवतं आहे, पण आपल्याबरोबर तेही जाणार आहे.

तेव्हा माझी एक विनंती आहे. मुख्याध्यापकांना आणि आपल्या सगळ्यांनाही. शाळेची चित्रकलेची खोली महिन्यातला एक रविवार सकाळी आम्हाला द्यावी. बोर्ड, कागद, कोळसा आम्ही आणू. आठवी-नववीच्या ज्या मुलांना शिकायचं आहे, त्यांना आम्ही सोबत घेऊ. मॉडेल म्हणून आपण बसायचं. हो, आपणच. गुरुजनांनीही. येताना सजून येऊ नका. एरवी घरात जसे बसता, तसे बसा. कुणी पेपर वाचत, कुणी शेंगा सोलत, कुणी डुलकी काढत. झोपलेला मॉडेल तर फारच चांगला, हलत नाही.

त्या मुलांना परीक्षेत ग्रेड मिळेल न मिळेल. पण सत्तरीच्या गुरुजींचा हात काढताना एखादी नववीची मुलगी वीस मिनिटं त्या हाताकडे बघेल. इतका वेळ आजकाल कोण कुणाकडे बघतं? आणि तिच्या चित्रात पायाशी गवत नसेल, एवढी जबाबदारी मी घेते.

बसायला तयार असणाऱ्यांनी नाव द्यावं, मी दाराजवळ वही घेऊन थांबले आहे. पहिलं नाव मी सरांचंच लिहिलं आहे, त्यांना न विचारता. सर, वीस मिनिटांनी विश्रांती नक्की मिळेल.